जवळ जायला लावणारा कॅमेरा

परवा सकाळी गॅलरीचं दार उघडलं आणि पायाला फरशी गार लागली. डोंबिवलीची थंडी एवढीच असते. ती हुडहुडी भरवत नाही. फरशीतून कळते, स्टीलच्या पेल्यातून कळते, खोबरेल तेलाच्या बाटलीतून कळते. बाटलीतलं तेल जरासं गोठलं तरी आमच्या मजल्यावर ती बातमी होते. मग कपाटातले स्वेटर बाहेर येतात, कारण ही संधी पुन्हा कधी मिळेल सांगता येत नाही. आणि ऊन वर आलं की तेच स्वेटर कमरेला बांधून लोक भाजी घेताना दिसतात.

त्या गार फरशीवर मी उगीच थोडा वेळ उभी राहिले. आत आईची बाहेर जायची गडबड चाललेली. आणि मला दोन वर्षांपूर्वीची थंडी आठवली. तेव्हा ह्याच गॅलरीत आई खुर्चीत बसून असायची. बाहेर जायचं तिने सोडूनच दिलेलं.

आई कल्याणला एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये टेक्निशियन होती. तिची सगळी नोकरी मायक्रोस्कोपला डोळा लावून झाली. निवृत्त झाली आणि त्याच्या पुढच्याच पावसाळ्यात तिला पॅरालिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली. पाय हळूहळू बराच परत आला. तोंड किंचित ओढल्यासारखं राहिलं, बोलणं जड झालं, काही अक्षरं जिभेवरून घसरायची. हात मात्र आलाच नाही. म्हणजे होता, मांडीवर पडलेला असायचा, पण दुसऱ्या कुणाचा तरी सांभाळायला दिल्यासारखा.

बाबांनी ते सगळं अंगावर घेतलं. बाबा मानपाड्याकडच्या एका रंगाच्या कारखान्यात इलेक्ट्रिशियन होते. काहीही बिघडलं की आधी पाना-पक्कड काढायची, काळजी मागाहून करायची, असा त्यांचा स्वभाव. त्यांनी आईच्या चमच्याला जाड रबरी मूठ बसवली. गाऊनच्या बटणांच्या जागी चिकटपट्ट्या शिवून आणल्या. दिव्याची बटणं खाली घेतली. पलंगाच्या डाव्या बाजूला बेल लावली. आईच्या मनात पाणी प्यायचं आलं की पेला समोर असायचा. येणारेजाणारे म्हणायचे, नवरा असावा तर असा. खरंच होतं ते. आणि आई त्या सगळ्या सोयींच्या मधोमध दिवसेंदिवस गप्प होत चाललेली.

फिजिओथेरपिस्ट मॅडमनी घरी करायला व्यायाम दिलेला. दोरीवर कपड्यांचे चिमटे लावायचे आणि काढायचे. आईने तो थोडे दिवस केला आणि सोडला. मी विचारलं तर तिचे शब्द सावकाश जुळवत म्हणाली, "ज्या दोरीवर कपडेच नाहीत, तिला चिमटे लावून मी काय करू?"

मी दोरीवरचे चिमटे काढून डब्यात ठेवले.

दिवाळी होऊन गेली आणि फरशी गार लागायला लागली. आमच्या गॅलरीसमोर एक जुना उंबर आहे. सकाळच्या कोवळ्या उन्हात त्याच्या अगदी शेंड्यावर एक तांबट येऊन बसायचा. हिरवा, गुबगुबीत, कपाळावर लाल ठिपका. रात्रभराची थंडी अंगातून काढत असल्यासारखा हलायचा नाही. आईने एकदा डाव्या हाताने मोबाईल उचलून त्याचा फोटो काढायचा प्रयत्न केला. मोबाईल हातात धरायचा आणि त्याच हाताच्या अंगठ्याने पडदाही दाबायचा, ह्या खटपटीत तो दोनदा मांडीवर पडला. शेवटी आला तो फोटो तिने बोटांनी ताणून मोठा केला. हिरव्या चौकोनांचा चिखल.

"डोळ्याभोवतीचा पिवळा दिसत नाही ह्यात," ती वैतागून म्हणाली.

झटका आल्यापासून तिने पहिल्यांदाच आपणहून कशाबद्दल तरी तक्रार केलेली. मी आणि बाबांनी एकमेकांकडे पाहिलं. संध्याकाळपर्यंत बाबांनी कॅमेऱ्यांचा अभ्यास सुरू केलेला.

त्यांचं मत लवकरच ठरलं. कॉम्पॅक्ट कॅमेरा. छोटा, तळहातात मावणारा, वजनाला काही नाही आणि झूम एवढा की तांबटाच्या मिशा मोजाव्यात. माझा मामा ठाण्याला टेंभी नाक्याला राहतो. त्याला हे फोनवर कळलं तेव्हा तो म्हणाला, "अरे भाऊजी, नवीन कशाला? माझा जुना डीएसएलआर आहे ना पडलेला. घेऊन जा." मामाने तो फार वर्षांपूर्वी नवरात्रातली देवी आणि दहीहंडीचे थर टिपायला घेतलेला. सुरुवातीला शिकणारे घेतात तसला, साधा, सोबत मिळालेली एकच छोटी लेन्स. मग मोबाईल चांगले झाले आणि कॅमेरा कपाटात गेला.

बाबांनी फोनवरच नाही म्हटलं. जड आहे, जुना आहे, झूम नाही, आणि दोन धडधाकट हात लागतात. चारही मुद्दे बरोबर होते.

एका सकाळी आम्ही तिघं रिक्षाने ठाण्याला गेलो. आई दुकानात यायला फारशी राजी नव्हती. लोकांसमोर बोलावं लागेल ह्याची तिला धास्ती असायची. पदराने सारखं तोंड टिपायची.

दुकानातल्या माणसाने कॉम्पॅक्ट काढून काउंटरवर ठेवला. सुंदर वस्तू होती, हे मान्य करायला हवं. काळा, गुळगुळीत, पानाच्या डब्याएवढा. चालू केला की आतून लेन्स झोपेतून उठल्यासारखी बाहेर यायची. आईने तो डाव्या हातात घेतला आणि थांबली. बटण उजवीकडे होतं.

मला तोपर्यंत कधी सुचलंच नव्हतं की कॅमेऱ्याचं बटण नेहमी उजवीकडे असतं. सगळ्या कॅमेऱ्यांचं. कात्री, दाराची कडी, तिकिटाच्या खिडकीतली जागा, असं कितीतरी जग उजव्या हाताने उजव्या हातासाठी बांधलेलं आहे, आणि तो चालू असेपर्यंत आपल्याला ते दिसतही नाही.

"मॅडम, ह्या हाताने धरायचा," दुकानातला माणूस उजवा हात दाखवत म्हणाला.

"तो हात रजेवर आहे," बाबा म्हणाले, आणि त्यांनी कॅमेरा आईच्या हातातून घेऊन सरळ उलटा केला. वरचं खाली. आता बटण डावीकडे खालच्या बाजूला आलेलं, बरोबर डाव्या अंगठ्याखाली.

"काका, उलटा धरलात."

"उलटाच धरायचाय. शीला, घे."

आईने घेतला. पडद्यावरची अक्षरं आणि खुणा डोक्यावर उभ्या राहिलेल्या, पण समोरचं दुकान सरळच दिसत होतं. तिने अंगठा दाबला. फोटो निघाला! कॅमेरा सुलटा करून पाहिला तर बाबा पाय वर करून उभे. दुकानातला माणूस हसला, मी हसले, आईसुद्धा ओढलेल्या बाजूने हसली. बाबांचा चेहरा तर असा फुललेला की कारखान्यातली बंद मशीन चालू झाल्यावर तो असाच फुलत असणार. पुढच्या काही मिनिटांत आईने एका हाताने दुकानातले दिवे टिपले, रस्त्यापलीकडची पाटी झूम करून टिपली, माझं कानातलं टिपलं. सगळं स्वच्छ.

प्रश्न सुटलेला. घेऊनच टाकणार होतो. पण मामाकडे जेवायला जायचं होतं, म्हणून बाबा म्हणाले, जाताना घेऊ.

मामाने दारातच "जयभीम, ताई" म्हणून आईचा डावा हात दोन्ही हातात धरला. मामीने बोंबलाचं कालवण केलेलं, त्याचा वास जिन्यापर्यंत आलेला. जेवणं झाली, आणि मामाने काही न बोलता त्याचा जुना कॅमेरा आणून आईच्या मांडीवर ठेवला.

"नुसता बघ तर," तो म्हणाला. "घेऊ नको वाटलं तर."

म्हाताऱ्या वस्तूची सगळी लक्षणं त्याच्यावर होती. पकडीचं रबर चिकट झालेलं, कोपऱ्यांवरचा काळा रंग उडालेला. आईने लेन्स उजेडाकडे वळवली आणि आत बारकाईने पाहिलं. काचेच्या काठाला पांढरट, बारीक जाळं धरलेलं.

"बुरशी आहे," ती म्हणाली.

मामा ओशाळला. "हो गं, कपाटात दमटपणा होता ना..."

"असू दे. माझ्या ओळखीतली आहे."

मग तिने कॅमेरा डाव्या तळहातावर तोलला, हळूच वर उचलला आणि मागच्या छोट्या खिडकीला डोळा लावला.

आणि ती एकदम वेगळी दिसायला लागली. तिने काही केलं असं नाही. फक्त तिचे खांदे खाली आले. मान किंचित पुढे, पाठ सरळ, श्वास धरलेला. ही बसण्याची ढब मी लहानपणापासून पाहिलेली. सुट्टीत मला घरी ठेवायला कुणी नसलं की आई लॅबमध्ये घेऊन जायची, आणि मी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून तासन्‌तास हीच पाठ बघायचे. डाव्या हाताच्या बोटांनी ती लेन्सचं कडं फिरवायला लागली, हळू, मग आणखी हळू, मग एक केसभर मागे. मायक्रोस्कोपचं चाक ती असंच फिरवायची.

"ताई, दुसरा डोळा मिट," मामा म्हणाला.

"कशाला? लॅबमध्ये दोन्ही उघडे ठेवायचो आम्ही. एकाने बघायचं, दुसऱ्याला गप्प बसवायचं."

एवढं मोठं वाक्य ती बऱ्याच दिवसांत बोललेली नव्हती. ती कॅमेऱ्यातून खिडकीबाहेर, खाली नाक्याकडे बघत होती. उसाचा रस, स्कूटर, फुलांची टोपली, ऊन. आम्ही मागे उभे. तिला आमची आठवण नव्हती.

शेवटी तिने डोळा काढला आणि कॅमेरा मांडीवर घेतला. "हाच," ती म्हणाली.

परतीच्या रिक्षात बाबांनी आपली बाजू मांडून पाहिली. शांतपणे, रागावून नाही. "अगं, तो उलटा धरून तू लगेच फोटो काढलेस. ह्याचं बटण तुला दाबताच येणार नाही. एवढा जड, उलटा धरायचा तर हातातून सुटेल."

"सुलटाच धरणार."

"मग बटण?"

आईने मांडीवरच्या उजव्या हाताकडे पाहिलं. "हा दाबेल."

आता विचार करते तेव्हा वाटतं, कागदावर कॉम्पॅक्ट प्रत्येक बाबतीत सरस होता, आणि मी आजही कुणाला सहज सल्ला द्यायचा तर तोच देईन. हलका, हुशार, कुठेही नेता येणारा. त्याचा एकच दोष होता, आणि तो दोष म्हणावा की नाही कळत नाही: त्याला आईच्या उजव्या हाताची गरज नव्हती. तो घेतला असता तर तो हात कायमचा रजेवर गेला असता, पगारी रजेवर, अगदी सन्मानाने. मामाचा तो म्हातारा डीएसएलआर मात्र हट्टी होता. त्याला दोन हात हवे होते, आणि आईला नेमका असा कुणीतरी हवा होता, जो तिच्याकडे काहीतरी मागेल.

पण मागणं सोपं असतं. त्यानंतरच्या सकाळी मला अजून जशाच्या तशा आठवतात. गॅलरीत कोवळं ऊन, उंबराची पानं, चहाचा गार होत जाणारा कप. आई डाव्या हाताने उजव्या हाताची बोटं एकेक उघडायची आणि कॅमेऱ्याच्या पकडीभोवती ठेवायची, करंगळीपासून सुरुवात करून, लहान मुलाला चप्पल घालावी तशी. मग पट्टा मनगटाभोवती गुंडाळायची. मग डावा तळहात लेन्सखाली, कोपर पोटाशी, आणि डोळा.

त्या बटणाचे दोन टप्पे असतात. अर्धं दाबलं की कॅमेरा समोरची वस्तू पकडतो, बारीक आवाज येतो, आत हिरवा ठिपका लागतो. पूर्ण दाबलं की फोटो. आईचं बोट पहिल्या टप्प्यापर्यंत गेलं, तो दिवस आम्ही शिरा करून साजरा केला. पण पुढे जाईना. रोज आवाज यायचा. उंबराचं पान स्पष्ट व्हायचं, गॅलरीचा गज स्पष्ट व्हायचा, तिच्या चपलेचा अंगठा स्पष्ट व्हायचा, आणि तिथेच थांबायचं. कपाळावर घाम यायचा, त्या थंडीतही.

फिजिओथेरपिस्ट मॅडमना हे दाखवलं तेव्हा त्यांनी कॅमेरा हातात घेऊन पाहिला, ते बटण स्वतः दोन-चारदा दाबलं आणि म्हणाल्या, "काकू, चिमटे बंद. हेच करा."

बाबांना मात्र ते बघवेना. एक दिवस ते कुठून तरी एक वायर घेऊन आले. एक टोक कॅमेऱ्याला लावायचं, दुसऱ्या टोकाला छोटं बटण, ते डाव्या हाताने दाबायचं. स्वतः कॅमेऱ्याला लावून, स्टँडवर बसवून, सगळी तयारी करून त्यांनी ते बटण आईच्या डाव्या हातात दिलं.

आईने ते तसंच टेबलावर ठेवलं. "अहो, राहू द्या."

"अगं, पण फोटो निघाल्याशी मतलब ना?"

"नाही."

बाबा गोंधळले. आई शब्द जुळवत होती. ते जुळेपर्यंत थांबणं आम्हाला अजून नीट जमत नव्हतं, बाबांना तर अजिबात नाही. ते नेहमीसारखं तिचं वाक्य पूर्ण करायला गेले, तसा तिने डावा हात वर केला.

"तुम्ही सगळं सोपं करून देता," ती म्हणाली. "मग मी काय करू?"

बाबा चपला घालून खाली निघून गेले. मला वाटलं, दुखावले. दुखावले असणारच. एवढ्या महिन्यांची सेवा, आणि वर हे. आई गॅलरीत जाऊन बसली. मी दोघांच्या मधल्या खोलीत उभी राहिले, कुणाकडे जावं ते न कळून.

बाबा परत आले तेव्हा त्यांच्या हातात हिरव्या हरभऱ्याची जुडी होती. थंडीत मानपाडा रोडला गाड्यांवर असते तशी, मातीच्या वासाची. एरवी ते घाटे सोलून, वाटीत भरून, चमचा घालून आईसमोर ठेवायचे. त्या दिवशी त्यांनी अख्खी जुडी तिच्या पुढ्यात ठेवली आणि समोरच्या खुर्चीत बसले. दोन्ही हात मांडीखाली धरून. खरंच मांडीखाली. आई एकेक घाटा उजव्या हाताच्या फटीत अडकवून डाव्याने फोडत राहिली. दाणे उडत होते, खाली पडत होते, उचलायला बाबांचे हात शिवशिवत होते, आणि ते बसून राहिले. शेवटी आईने एक दाणा त्यांच्यापुढे धरला. तो त्यांनी घेतला.

मी आयुष्यात बघितलेल्या प्रेमाच्या गोष्टींपैकी ही एक मोठी आहे. त्यात काहीही घडलं नाही, फक्त एक माणूस गप्प बसला.

तांबट रोज येत होता. पण मामाच्या लेन्समधून तो शेंड्यावरचा एक हिरवा ठिपका होता, बाकी सगळं आभाळ. झूम नव्हताच. बाबांनी एकदाही "मी म्हटलेलं" असं म्हटलं नाही, आणि हे मी त्यांच्या खात्यावर जमा धरते. आई थोडे दिवस त्या ठिपक्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "ह्याला जवळ आणता येत नाही. जवळच जावं लागतं."

"उंबरावर चढणार का आता?" मी म्हटलं.

"नाही. जिथे जाता येईल तिथे."

आणि ती खाली उतरली. झटक्यानंतर पहिल्यांदा, दवाखान्यासाठी नाही, कुणी नेतंय म्हणूनही नाही, स्वतःच्या कामासाठी. बाबा तिच्या मागून चार पावलं अंतर ठेवून, आपण सहजच निघालोय असं दाखवत. मी त्यांच्याही मागे.

आमच्या सोसायटीच्या गेटाबाहेर थंडीत वच्छीबाई वालाच्या शेंगा घेऊन बसते. जवळच्याच गावातली, आगरी, तोंडाची फटकळ. आई नोकरीवर जाता-येता तिच्याशी दोन गोष्टी बोलल्याशिवाय पुढे जायची नाही. पण आजारपणानंतर आई तिच्यासमोरून गेलीच नव्हती. दवाखान्यात जातानासुद्धा रिक्षा आत बोलवायला लावायची.

आई समोर येऊन उभी राहिली तशी वच्छीबाईने मान वर केली. तिने तोंड पाहिलं, हात पाहिला, कॅमेरा पाहिला.

"कवा पासून दिसली नाय," ती म्हणाली. "मला वाटला, भांडलीस माज्याशी."

आई बोलायला लागली. शब्द अडखळत, एकमेकांना धक्के देत बाहेर आले. वच्छीबाई शेंगा निवडत ऐकत राहिली. तिने वाक्य पूर्ण करून दिलं नाही, सहानुभूतीचा च्‌-च्‌ केला नाही. तिला फक्त वेळ होता.

"फोटो काढू तुझा?" आईने शेवटी विचारलं.

"काढ की."

वच्छीबाईने डोक्यावरचा पदर सारखा केला, मूठभर शेंगा हातात धरल्या आणि ताठ बसली. आईने बोटं पकडीवर ठेवली. डोळा लावला. बारीक आवाज आला. मग काहीच नाही. वच्छीबाई ताठच. रिक्षा गेल्या, एक स्कूल बस गेली.

"झाला?"

"नाही."

पुन्हा आवाज. पुन्हा काही नाही. मी बाबांकडे पाहिलं. ते सोसायटीच्या नोटीस बोर्डाकडे तोंड करून उभे होते आणि मला खात्री आहे, त्यांनी त्यावरचं एक अक्षर वाचलं नसेल.

"ए बाय, माजा हात भरला," वच्छीबाई म्हणाली. "मी माजं काम करते, तू तुजं कर." आणि ती पुन्हा शेंगा निवडायला लागली, शेजारच्या भाजीवाल्याला काहीतरी ओरडून सांगत, स्वतःच हसत.

तेव्हा खट्‌ आवाज आला. जुन्या डीएसएलआरचा आवाज मोठा असतो, आतला आरसा उचलून पडतो त्याचा. रस्त्याच्या गोंगाटातही तो मला ऐकू आला. बाबा नोटीस बोर्डावरून गर्रकन वळले.

तो फोटो आमच्या हॉलमध्ये आहे. तिरका आलाय. वच्छीबाईचा चेहरा हसताना हलल्यामुळे पुसट, हात तर नुसते वाऱ्यासारखे, पण तिच्या मांडीवरच्या टोपलीतल्या शेंगा एवढ्या स्पष्ट की त्यांच्यावरची लव दिसते. कुणी म्हणेल, चुकलेला फोटो. मला तो अगदी बरोबर वाटतो. त्या सकाळी गेटाबाहेर सगळं हलतच होतं.

त्यानंतर आई थांबली नाही. त्या थंडीत ती जिथे जाता येईल तिथे गेली. इस्त्रीवाल्याकडे, शेजारच्या काकूंच्या नातीकडे, जुन्या लॅबमधल्या मैत्रिणींकडे. रविवारी आम्ही आंबिवलीला टेकडीवर लावलेली झाडं बघायला जायचो. तिथे ती गवताशी जवळजवळ बसून कोळ्याच्या जाळ्यांवरचं दव टिपायची, आणि बाबा पाठीमागे हात बांधून झाडांची नावं चुकीची सांगत फिरायचे. बरेच फोटो हललेले यायचे. ती ते पुसायची नाही. "बघू दे कुठून हललं ते," म्हणायची, आणि खरंच बघायची, लॅबमध्ये काचपट्टी बघावी तशी.

झूम असता तर काय झालं असतं, हा विचार माझ्या मनात अधूनमधून येतो. तांबटाच्या डोळ्याभोवतीचा पिवळा दिसला असता. खूप पक्षी जमा झाले असते, सुंदर, स्पष्ट, सगळे गॅलरीतून काढलेले. त्यातही आनंद होताच. पण दूरचं जवळ आणणारं यंत्र माणसाला खुर्चीतून उठवत नाही. ह्या छोट्या लेन्समधून माणूस नीट दिसायला हवा असेल तर हातभर अंतरावर जाऊन उभं राहावं लागतं, आणि तिथे पोचलं की काहीतरी बोलावंच लागतं. घसरत्या अक्षरांसकट. आईची जीभ बोटाच्या मागोमाग सुधारली. पूर्ण नाही. हातही पूर्ण आलेला नाही. पण आता तो मांडीवर पडून नसतो, कामावर असतो.

तर परवा, फरशी गार लागली त्या दिवशी, आई जी गडबड करत होती ती कल्याणला जायची. फिजिओथेरपी सेंटरमध्ये तिला अजून अधूनमधून दाखवायला जावं लागतं. मी रजा काढून बरोबर गेले. कॅमेरा तिच्या गळ्यात होताच.

बाहेरच्या बाकावर एक म्हातारे गृहस्थ बसलेले. खाडीकाठच्या गावातले, कोळी, सगळा जन्म होडीवर गेलेला. त्यांची सून आम्हाला सांगत होती, झटका येऊन थोडेच दिवस झालेत, आणि हे काही करायलाच तयार नाहीत. ते तिच्या बोलण्याकडे लक्ष न देता भिंतीकडे बघत होते. रुंद खांदे, उन्हाने रापलेली मान. उजव्या हातावर टॉवेल टाकलेला, पूर्ण झाकून.

आई उठली आणि त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"दादा, तुमचा एक फोटो काढू?"

त्यांनी सावकाश मान वळवली. "माजा फोटू कशाला गो बाय?" त्यांचेही शब्द जड होते. "आता काय र्‍हायलंय फोटू काढायला."

सून ओशाळून माझ्याकडे बघायला लागली. मी आईला परत बोलवावं का, असं मनात आलं. आईने मात्र तोवर डाव्या हाताने उजव्या हाताची बोटं धरून एकेक करून पकडीवर ठेवायला सुरुवात केलेली. करंगळी, मग तिच्या शेजारचं, मग मधलं. म्हातारबाबा ते बघत होते. मग त्यांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं. बराच वेळ.

"थोडे हललात तरी चालेल," आई म्हणाली. "मी पण हलते."

त्यांच्या चेहऱ्यावर काही हसू वगैरे आलं नाही. पण ते बाकावर जरा वर सरकले, पाठ भिंतीपासून सुटली. आईने डोळा लावला.

"थांब," ते म्हणाले.

डाव्या हाताने त्यांनी टॉवेल ओढून बाजूला टाकला. मग त्याच हाताने आपला उजवा हात मनगटाशी धरून उचलला, जाळं ओढून ओढून घट्टे पडलेला तो मोठा हात, आणि गुडघ्यावर नीट ठेवला. त्याची बोटं एकेक करून सरळ केली.

"ह्यो पन येऊं दे," ते म्हणाले.

आई आणखी एक पाऊल पुढे गेली.